खोट्या विमानाचा खरेपणा

संगणकावर घरबसल्या विमान चालवणाऱ्या माणसांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘कोणते विमान घेऊ?’ ऐकणाऱ्याला हसू येते, पण विचारणारा गंभीर असतो. सिम्युलेटरचे मूळ सॉफ्टवेअर विकत घेतले की त्याबरोबर काही विमाने मिळतातच. ती उडतात, वळतात, उतरतात. काही महिन्यांनी मात्र ती पोकळ वाटू लागतात. मग स्वतंत्र मंडळींनी तयार केलेली, वेगळे पैसे मोजून किंवा क्वचित फुकट मिळणारी प्रवासी विमाने त्यात बसवायची असतात. त्यांना ‘अॅड-ऑन’ म्हणतात. त्यांच्या जाहिरातींत एक शब्द कधी चुकत नाही : ‘वास्तव’.

प्रस्तुत लेखात मला या शब्दाची तपासणी करायची आहे. साहित्याच्या वाचकांना तो परका नाही. एखाद्या कादंबरीत गावाचे, घराचे, भांड्याकुंड्यांचे तपशील ठासून भरले म्हणून ती वास्तववादी होते का, हा वाद आपण पुष्कळ घातला आहे. तोच वाद या खोट्या विमानांबद्दल घालता येतो आणि तो घातल्याशिवाय त्यांच्यातून निवडही करता येत नाही. मी वैमानिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षे घरच्या टेबलावर ही विमाने चालवणारा, त्यांची जाडजूड माहितीपत्रके वाचणारा आणि अपघातांचे अहवाल चाळणारा मी एक हौशी माणूस आहे. हौशी माणसाची फसगत कशी होते, हे मात्र मला अनुभवाने ठाऊक आहे.

पेटीचा भाता आणि रंगवलेला पडदा

या वस्तूचा उगम करमणुकीत नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते आणि झडपा वापरून लिंकने १९२९च्या सुमारास जमिनीवर झुलणारे एक छोटे विमान तयार केले. आपल्या पेटीच्या भात्याचेच हे दूरचे भावंड म्हणायचे. पुढे त्या विमानावर झाकण बसवून शिकाऊ वैमानिकाला आत कोंडले जाई. त्याला बाहेरचे काहीही दिसत नसे. समोर फक्त काटे. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि वाईट हवामानात अनेक वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. म्हणजे सिम्युलेटरचा जन्मच मुळी आंधळा आहे. देखावा दाखवणे हे त्याचे काम नव्हते. चूक केली की काट्याने ती दाखवून द्यावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते.

घरगुती शाखा पन्नास वर्षांनंतरची. ब्रूस आर्टविकच्या सबलॉजिक या कंपनीने अॅपल-२ संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर आणला आणि १९८२मध्ये त्याचा नवा अवतार मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. पडद्यावर चार रेघा आणि खाली काही तबकड्या. पुढच्या वर्षांत हौशी मंडळींनी आपापली विमाने जोडायला सुरुवात केली. त्यांतल्या बहुतेकांचे कॉकपिट म्हणजे एक छायाचित्र असे. शंभर बटणे दिसायची, दाबता यायची पाच-सहा. जुन्या नाटकात मागच्या पडद्यावर राजवाड्याचे दार रंगवलेले असे, त्यातून कोणी ये-जा करत नसे, तसाच हा प्रकार.

२०२०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालिकेची नवी आवृत्ती आली आणि पडदा कमालीचा सुंदर झाला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा भूगोल त्यात उतरवला गेला. मुंबईवरून उडताना खाडी ओळखू येते, सह्याद्रीची धार ओळखू येते. माझ्या मते निवड करणाऱ्याला पहिला चकवा इथेच मिळतो. खिडकीबाहेरचे जग इतके पटते, की खिडकीच्या आतले यंत्रही खरे असेल असे आपण गृहीत धरतो. आसनाच्या कातड्यावरची घडी, बटणाभोवतीची झिजलेली अक्षरे, काचेवरचे बोटांचे ठसे हे सगळे पाहून आपण पैसे देतो. मीही दिले आहेत.

दोन्ही इंजिने बंद केल्यावर

अशाच एका विमानावर, त्याच्या कर्त्यांचे नाव इथे घेत नाही, मी एका दुपारी दोन्ही इंजिनांचे इंधन तोडले. विमान खाली येऊ लागले, ते ठीकच. पण कॉकपिटमधले सगळे पडदे पूर्वीसारखेच उजळलेले होते. दिवे तसेच, नियंत्रणे तशीच. इंजिने गेल्याची वार्ता विमानाच्या उरलेल्या अवयवांपर्यंत पोहोचलीच नव्हती. म्हणजे ते अवयव एकमेकांना जोडलेलेच नव्हते. प्रत्येक बटण हे वेगळे चित्र होते.

खऱ्या एअरबस ए ३२०मध्ये काय होते? इंजिनांवरची जनित्रे थांबली की वीज जाते. विमानाच्या पोटातून एक छोटी पवनचक्की आपोआप बाहेर येते. वाऱ्यावर ती फिरते, तिने द्रवदाब तयार होतो, त्यावर एक लहान आपत्कालीन जनित्र चालते. तेवढ्या विजेत कॅप्टनच्या बाजूचे पडदे जिवंत राहतात आणि सहवैमानिकाच्या बाजूला अंधार होतो. नियंत्रण-संगणक आपले काही संरक्षक नियम सोडून देतात. शेपटीतले सहायक इंजिन सुरू केले, तर काही वेळाने वीज परत येते. ही साखळी आहे. एक दुवा ओढला की पाचवा हलला पाहिजे.

या साखळीचे मोल न्यू यॉर्कमध्ये १५ जानेवारी २००९ला दिसले. यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या ए ३२० विमानाला ला-ग्वार्डिया विमानतळावरून उड्डाण केल्यावर पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. पुढे साडेतीन मिनिटांत ते हडसन नदीत उतरले आणि आतले सर्व १५५ जण वाचले. कॅप्टन सलेनबर्गर यांनी यादीत पाळी येण्याची वाट न पाहता सहायक इंजिन लगेच सुरू केले. त्यामुळे वीज टिकली आणि नियंत्रण-संगणकांचे संरक्षण शेवटपर्यंत शाबूत राहिले. दोन्ही इंजिने गेल्यावर वाचायची सूचनांची यादी खूप उंचीवरचा प्रसंग धरून लिहिलेली होती. ती पुरी करायला वेळच नव्हता.

म्हणून माझी पहिली कसोटी ही : इंजिने तोडा आणि साखळी पाहा. ‘फ्लाय बाय वायर’ या गटाचे ए ३२० निओ या कसोटीला उतरते. २०२०मध्ये मूळ खेळातल्या विमानाची दुरुस्ती म्हणून हौशी मंडळींनी ते सुरू केले. ते फुकट आहे आणि त्याची संगणकीय संहिता कोणालाही वाचायला खुली आहे. २०२२मध्ये आलेले ‘फेनिक्स’चे ए ३२०ही उतरते. त्याच्या आतली यंत्रणा प्रोसिम या सॉफ्टवेअरवर बेतलेली होती, आणि ते सॉफ्टवेअर खऱ्या मापाची कॉकपिटे बांधणारे लोक वापरत आले आहेत. एक फुकट, दुसऱ्याची किंमत पन्नास पौंडांच्या आसपास. किंमत पाहून खरेपणा ठरवणाऱ्याने इथे थोडे थांबावे.

मूळची खोड

पण साखळी असणे पुरेसे नाही. दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रतिकृतीत मूळ विमानाची खोड उतरली आहे का? खरे यंत्र चालकाला फसवू शकते. मग त्याची खरी प्रतिकृतीही फसवणारी हवी.

१४ फेब्रुवारी १९९०ला मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. विमान नवेकोरे ए ३२० होते. हवा स्वच्छ होती, यंत्रात बिघाड नव्हता. शेवटच्या टप्प्यात विमान अशा अवस्थेत होते, की इंजिने सर्वांत कमी जोरावर राहावीत, असाच स्वयंचलित यंत्रणेचा हिशेब होता. वेग घटत गेला. वैमानिकांच्या लक्षात आले आणि जोर मागितला गेला, तेव्हा उशीर झाला होता, कारण जेट इंजिनाला तळापासून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात.

यातली मेख बारीक आहे. दोघा वैमानिकांसमोर ‘फ्लाइट डायरेक्टर’ नावाची मार्गदर्शक रेषा असते. हाताने विमान चालवताना दोघांचेही डायरेक्टर बंद केले, तर इंजिनांचा जोर वेग सांभाळण्याच्या पद्धतीवर आपोआप जातो. त्या दिवशी एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. म्हणून जोर तळाशीच राहिला. ए ३२०मध्ये जोर बदलला तरी थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत, त्यामुळे हातालाही काही कळत नाही. कळण्याची जागा एकच : समोरच्या पडद्यावरच्या वरच्या ओळीतला एक छोटा शब्द.

पुढे एअरबसने या तर्कात सुधारणा केल्या. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला, की यंत्रणा स्वतःहून वेग सांभाळू लागते. त्यामुळे आजच्या प्रतिकृतीत तो अपघात जसाच्या तसा घडेल असे नाही आणि घडू नये. पण मुळातला नियम कायम आहे. एक डायरेक्टर बंद करा, वरच्या ओळीतला शब्द बदलत नाही. दुसरा बंद करा, शब्द बदलतो. मी वर सांगितलेल्या दोन्ही विमानांत हे घडते. ज्या विमानात घडत नाही, ते शंभर बटणांचे असले तरी ए ३२० नव्हे, ए ३२०च्या वेषातले दुसरेच काही आहे. खोड काढून टाकलेली प्रतिकृती चालवायला सोपी असते. तिच्यावर शिकलेला माणूस मात्र मूळ विमानाबद्दल काहीच शिकलेला नसतो.

हाताला काय लागते

तिसरी कसोटी विमानाची नाही, आपल्या टेबलाची आहे. ती जाहिरातीत कधीच नसते.

ए ३२०चा वैमानिक बाजूला बसवलेल्या एका छोट्या दांडीने विमान चालवतो. ती स्प्रिंगवर मध्यभागी परत येते. विमानाच्या पंखांवर वाऱ्याचा किती भार आहे, हे ती हाताला सांगत नाही. नेहमीच्या उड्डाणात ट्रिमही संगणकच करतो. आता घरातली जॉयस्टिक पाहा : स्प्रिंग, मध्यभाग, मुकेपणा. योगायोगाने म्हणा, पण ए ३२० हे घरच्या टेबलाशी सर्वांत कमी खोटे बोलणारे विमान आहे.

बोइंग ७३७ वेगळ्या घडणीचे. १९६७मध्ये ते प्रथम उडाले आणि त्या काळाचे शरीर त्याने अजून सोडलेले नाही. दोन्ही योक एकमेकांना जोडलेले, त्यांच्यापासून निघालेल्या तारा, मांडीशेजारी खडखडत फिरणारे ट्रिमचे मोठे चाक. थ्रस्ट लिव्हर यंत्रणेने हलवले की ते डोळ्यांदेखत सरकतात. ए ३२०सारखी पवनचक्की त्याला नाही. द्रवदाब गेला तर दोघा वैमानिकांनी तारांमार्फत अंगबळाने विमान ओढायचे. ‘पीएमडीजी’ या जुन्या नावाजलेल्या मंडळींनी २०२२मध्ये नव्या सिम्युलेटरसाठी ७३७ची मालिका आणली. तिचा अभ्यास दाद द्यावी असा आहे. दिशादर्शक यंत्रणा जागेवर यायला अक्षांशानुसार पाच ते सतरा मिनिटे लागतात, तीही त्यात खरोखर लागू देता येतात. ती मिनिटे शांत बसून काढणे हा माझ्या मते घरगुती उड्डाणातला सर्वांत प्रामाणिक अनुभव आहे.

तरीही माझी तक्रार आहे आणि ती त्या मंडळींविरुद्ध नाही. ७३७चे व्यक्तित्वच हाताला लागणाऱ्या वजनात आहे आणि टेबल नेमके तेच वजा करते. खऱ्या विमानात ट्रिम करणे म्हणजे हातावरचा भार उतरवणे. घरी भार मुळात नसतोच, मग उतरवायचे काय? चाक पडद्यावर फिरते, आवाजही येतो, पण ते हाताने फिरवायचे तर माउसची चकती बोटाने फिरवायची. प्रतिकृती जितकी काटेकोर, तितकी ही उणीव अधिक टोचते.

मोठ्या यंत्रांचेही तेच

हा दोष फक्त गरीब टेबलाचा आहे, असे कोणी म्हणेल. खोलीएवढी, सहा दिशांनी हलणारी, वैमानिकांच्या परीक्षेसाठी मान्यता मिळालेली यंत्रे तर परिपूर्ण असतील? २९ ऑक्टोबर २०१८ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ला इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली आणि एकूण ३४६ माणसे गेली. एका सेन्सरच्या चुकीच्या माहितीवरून एक स्वयंचलित यंत्रणा विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. इथिओपियाच्या विमानात वैमानिकांनी विजेवर चालणारी ट्रिम तोडली. नंतर हाताने ट्रिम होत नसल्याचे सहवैमानिकाने सांगितल्याची नोंद प्राथमिक अहवालात आहे. वेग खूप वाढला आणि शेपटीचा पंख फार कलला असला, की वाऱ्याच्या भाराने ते चाक फिरवणे अतिशय जड जाते.

मे २०१९मध्ये बोइंगने मान्य केले, की मॅक्सच्या प्रशिक्षण सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये काही परिस्थिती बरोबर उमटत नव्हत्या आणि त्यांत दुरुस्ती केली आहे. उमटत नव्हते त्यात हे चाक हाताने फिरवताना लागणारे वजनही होते. जगातल्या सर्वांत महागड्या प्रतिकृतीतही नेमके ते वजन हलके होते, जे त्या दिवशी जड झाले.

इथे माझ्या लेखाचा मुद्दा आहे. प्रतिकृती म्हणजे निवड. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. जे सोडले ते पडद्यावर दिसत नाही, म्हणून ते सोडले आहे हेही दिसत नाही. समीक्षकाने दिसणाऱ्याचे कौतुक करून थांबू नये. त्याने न दिसणाऱ्याची चौकशी करावी.

वेळेचेही असेच. १५४९च्या चौकशीत वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये तोच प्रसंग देण्यात आला. पक्षी धडकताच तत्काळ मागे वळले, तर विमानतळावर उतरणे काही प्रयत्नांत जमले. मग एका प्रयत्नात परिस्थिती समजून निर्णय घ्यायला लागणारा काळ म्हणून ३५ सेकंद धरले. ते विमान विमानतळ गाठू शकले नाही. यंत्र तेच, आकडे तेच. माणसाला गोंधळून जायला लागणारा वेळ तेवढा हिशेबात आला. घरी तर आपल्या हाताशी ‘थांबा’ अशी एक कळच असते. चहा उतू चालला की मी तीन हजार फुटांवर विमान थांबवतो. ती कळ मी वापरतो, तेव्हा माझ्या विमानाचा खरेपणा कोणत्याही कंपनीने नाही, मीच घालवलेला असतो.

निवड

आता मूळ प्रश्न. कोणते विमान घ्यावे? वर्षानुवर्षे मी याचे उत्तर मोजून देत आलो : बटणे किती, बिघाड किती, चित्रे किती बारीक. त्या हिशेबाने माझ्याकडे नऊ विमाने जमली आणि एकही नीट येईना. आज मी उलट बाजूने विचार करतो. आपल्या टेबलावर काय नाही ते आधी पाहावे आणि ज्या विमानाला त्याची सर्वांत कमी गरज आहे, ते घ्यावे.

साधी जॉयस्टिक असेल तर ए ३२० घ्यावे. आपल्याकडच्या विमानतळांवर याच कुटुंबातली विमाने सतत दिसतात, त्यामुळे खऱ्याशी ताडून पाहण्याची सोयही होते. आरंभ फुकटच्या ‘फ्लाय बाय वायर’नेच करावा. फुकट म्हणून ते दुय्यम नाही, उलट चुका उघड्यावर दुरुस्त होत असल्याने त्याची वाढ डोळ्यांसमोर झाली आहे. वर्षभराने तेवढ्यावर भागेनासे झाले, तर ‘फेनिक्स’कडे वळावे. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी ‘टोलिस’ची एअरबस विमाने पाहावीत. ७३७ त्याने घ्यावे, ज्याला शिस्त आणि थांबणे आवडते आणि हातातले वजन आपल्याला मिळणार नाही, हे ज्याने आधीच मान्य केले आहे. माहितीपत्रक वाचायचे नसेल तर मूळ खेळासोबत आलेले विमान उत्तम. त्यात काही कमीपणा नाही, कारण ते स्वतःबद्दल फारसा दावा करत नाही.

मी स्वतः अधूनमधून मुंबई–बंगळूर हे उड्डाण करतो. बंगळूरची नियमित प्रवासी वाहतूक २००८मध्ये देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, पण सिम्युलेटरमध्ये जुनी धावपट्टी आहे. तिच्याकडे उतरताना एक डायरेक्टर बंद करतो, दुसरा मुद्दाम चालू ठेवतो आणि वरच्या ओळीतल्या शब्दाकडे पाहत बसतो. वेगाचा आकडा घटू लागतो. लिव्हर जागचे हलत नाहीत, खिडकीबाहेर सगळे सुरेख दिसत असते. काय होणार हे मला माहीत असते, म्हणून मी वेळेत जोर देतो. माहीत नसते तर दिला असता का, याचे उत्तर हे विमान मला देऊ शकत नाही. पण तो प्रश्न ते माझ्यासमोर ठेवते. बाकीच्या आठ विमानांनी तो कधी ठेवला नव्हता, म्हणून ती मी काढून टाकली.